एकाच मापाचा न्याय

सर्वांस एकच माप लावावें, याहून सोपी अशी न्यायाची व्याख्या आम्हांस माहीत नाहीं. नामपूरच्या कांदाबाजारांत मोसमकाठच्या बागाइतदाराचा ट्रॅक्टर आणि साल्हेर-मुल्हेरच्या बाजूनें आलेल्या आदिवासी शेतकऱ्याचा भाड्याचा टेंपो एकाच भुईकाट्यावर चढतो. काट्यानें जातकुळी विचारूं नये, हें आम्हांस इतकें पटलें आहे कीं, तीच कसोटी आम्ही मनुष्यदेहासही निःशंकपणें लावूं लागतों. कांद्यास जें न्याय्य तें रक्तासही न्याय्य ठरतें काय?

मधुमेहासंबंधानें हा प्रश्न विशेष निकडीचा आहे, कारण हा रोग मुका आहे. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनें देशांत सुमारें 10 कोटी 10 लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांना वांचविणारी काळजी मोठी साधी असते: वर्षांतून एकदां डोळ्याच्या पडद्याची व लघवीची तपासणी, तळपायाची जाणीव शाबूत आहे कीं नाहीं हें नायलॉनच्या तंतूनें पाहणें, आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अदमास. ह्यांत नाट्य नाहीं. पाय कापावयाची वेळ आली म्हणजे सारा गांव धांवतो, वर्गणी जमते. पाय धड असतांना तो कोणी तरी पाहावा म्हणून वर्गणी निघाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दारांतून हांकललेला रोगी सर्वांस दिसतो. ज्यास कधीं बोलावलेंच नाहीं तो कोणास दिसावा?

अमेरिकेंत ह्या न दिसणाऱ्या अन्यायाची मोजदाद झाली आहे. तेथील कृष्णवर्णीयांत मधुमेहामुळें पाय गमावण्याचें प्रमाण गोऱ्यांहून पुष्कळ अधिक आढळतें. आमच्याकडे वर्णभेदाचा तो इतिहास नाहीं, म्हणून हा प्रश्न परका, असें समजण्याचें कारण नाहीं. जन्मावरून माणसाचें अंतर ठरविण्याच्या विद्येंत आम्ही कोणाचे शिष्य नाहीं.

प्रथम मापाचीच गोष्ट घेऊं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचें उंचीशीं ताडून पाहिलेलें वजन अगदी सारखें, 22.3 ह्या अंकाचें होतें. परंतु अंगांतील चरबी युडकिनांची शेंकडा 9.1 आणि याज्ञिकांची शेंकडा 21.2 भरली. 2004 सालीं त्यांनीं स्वतःचीच ही जोडी छायाचित्रासह ‘लॅन्सेट’मध्यें छापली. युरोपीय देहावर बेतलेल्या मापानें दोघेही निर्धास्त. त्यांतील एकाची निर्धास्ती मात्र खोटी.

दुसरें उदाहरण आमच्या मुलुखाच्या अधिक जवळचें आहे. एचबीएवनसी ही तांबड्या पेशींतील रक्तद्रव्यास चिकटलेली साखर मोजते. सिकलसेल रोगांत पेशी लवकर मरतात; साखर चिकटावयास अवधि कमी, म्हणून अंक खरा असावा त्याहून कमी येतो. रोग नसून केवळ वाहक असलेल्यांतही फरक पडतो: अमेरिकेंतील साडेचार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या 2017 सालच्या अभ्यासांत, उपाशीपोटीं साखर तितकीच असतां वाहकांचा अंक सरासरी 5.72 व इतरांचा 6.01 आला. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, आणि भिल्लांची वस्ती बागलाणांतही आहे. शहरांतील ग्राहकास जो कागद ‘सावध’ म्हणतो तोच येथील मजुरास ‘ठीक’ म्हणूं शकतो. कोणी पक्षपात केला? कोणीच नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. माप माणसागणिक बदलावयाचें तर जन्मावरून माणसें वेगळीं करण्याचें जुनें पाप वैद्यकाच्या दारानें परत येणार नाहीं काय? येऊं शकतें, आणि आलेंही आहे. अमेरिकेंत मूत्रपिंडाची शक्ति काढण्याच्या गणितांत कृष्णवर्णीयांसाठीं एक वेगळा गुणक अनेक वर्षें होता. त्यामुळें त्यांचीं मूत्रपिंडें कागदावर अधिक निरोगी दिसत आणि उपचार लांबत. 2021 सालीं तो गुणक वगळून नवें गणित मांडण्यांत आलें. म्हणून भेद आडनांवावरून करूं नये, रक्त पाहून करावा. सिकलसेल आहे कीं नाहीं हें तपासतां येतें, आणि असेल तेथें उपाशीपोटींची व जेवणानंतरची साखर पाहतां येते. वस्तीचा पूर्वेतिहास फार तर तपासणी कोठें आधीं न्यावी एवढें सांगेल; निकाल सांगण्याचा अधिकार त्यास नाहीं.

तिसरें माप घड्याळाचें. त्याच्याकडे वैद्यकाचें लक्ष सर्वांत कमी जातें. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासावी, असें सरकारी धोरण आहे. दवाखान्याची वेळ सर्वांस एकच. पण कांदा काढणीच्या दिवसांत ती पाळावयाची तर शिक्षकाची अर्धी रजा जाते आणि मजुरणीचा सबंध रोज बुडतो. एकाच दारांतून जावयाचें मोल दोघांस निराळें पडलें. तिचा पाय तर तापल्या मातींत, झिजल्या चपलेंत. जाणीव गेली तर खडा रुतल्याचें तिला कळावयाचेंही नाहीं.

तेव्हां तिनें दवाखान्यांत यावें ही अपेक्षा सोडून, नायलॉनचा तो तंतु व साखरेचें यंत्र घेऊन कोणी तरी संध्याकाळीं कांदाचाळीशीं जावें, हें आम्हांस रास्त वाटतें. तंतूची किंमत किरकोळ आहे. खर्च आहे तो जाणाऱ्याच्या वेळेचा. तो आशा सेविकेच्या तुटपुंज्या मोबदल्यांतूनच वसूल करावयाचा कीं काय, हें मात्र अगोदर ठरवावें लागेल.