जगण्यासाठी किती गमवावे?



कॉर्डोमा नावाची एक दुर्मीळ कर्काची गाठ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला साधारण एकाला ती होते. पुष्कळदा ती कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत असते. ती सावकाश वाढते. नेहमीच्या केमोथेरपीला सहसा दाद देत नाही. म्हणून सर्जन ती न फोडता, भोवतालच्या निरोगी भागासह अखंड काढू पाहतात. फुटली तर ती पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो.

परंतु लघवी व शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसा त्याच हाडातून जातात. गाठ बरीच वर असेल, तर त्या तोडाव्या लागतात. रुग्ण जगतो, पण कदाचित लघवीची नळी आणि पोटावरची पिशवी घेऊन.

हे योग्य आहे काय? संत थॉमस अक्वायनस सांगतात की, अवयव संपूर्ण शरीरासाठी असतो. शरीर वाचवण्यासाठी रोगट भाग कापणे रास्त आहे. मग शस्त्रक्रिया बंधनकारक आहे काय? नाही. पोप पायस बारावे यांनी 1957 साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले की, माणूस साधारण उपायांनी बांधलेला आहे, असह्य भार घालणाऱ्या उपायांनी नव्हे. असा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, असेच ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ शिकवतो (क्र. 2278). निर्णय, शक्य असेल तर, रुग्णाने स्वतः घ्यायचा आहे.

म्हणून कोणी शस्त्रक्रिया स्वीकारील, कोणी तिच्याऐवजी प्रोटॉन किरणांचा उपचार घेईल. खारघरला टाटा केंद्रात तो 2023 पासून मिळतो. दोघांपैकी कोणीही पाप करत नाही. चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. “बाबांना सांगू नका, घाबरतील,” असे आपण डॉक्टरांच्या कानात सांगतो. त्यात माया असते, पण ज्याचे शरीर, त्याचाच निर्णय आपण हिरावून घेतो. तोडलेली नस पुन्हा पूर्ववत होत नाही. सत्य आधीच सांगायला हवे.

आणखी एक. भार किती जड, हे केवळ रोगावर ठरत नाही. ‘घरच्यांना माझे ओझे होईल, मिस्साला बाकावर शेजारी कोणी बसणार नाही,’ या भीतीने कोणी शस्त्रक्रिया नाकारली, तर तो निर्णय खऱ्या अर्थाने त्याचा नसतो. त्यात आपलाही वाटा असतो. तेव्हा अशा माणसाशेजारी जाऊन बसू या. त्याचा निर्णय मोकळा राहावा, एवढे तर आपल्या हाती आहे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू