अड्ड्यावर उरलेले मजूर

येशूने सांगितलेल्या दृष्टांतांपैकी एक तरी असा आहे, की जो जुन्नर-आंबेगावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, रोज ठरवतो आणि मजूर घेऊन येतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पुन्हा जातो, तरी तिथे काही माणसं उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो, तेव्हा ती सांगतात की आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी हिशेब होतो. तासभर राबलेल्याच्या हातावरही पुऱ्या दिवसाचा रोज पडतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात ही गोष्ट येते.

जुन्नर तालुका द्राक्षांचा, आणि नारायणगावचा मजूर अड्डा सगळ्या भागाला माहीत असलेला. जुन्नर, आंबेगाव आणि अकोले तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून महादेव कोळी, ठाकर बायाबाप्ये तिथे येऊन उभे राहतात. बागाईतदार गाडी घेऊन येतो, माणसं निरखतो, भाव ठरतो, गाडी भरते. आधी धडधाकट तरुण उचलले जातात, मग जोडपी. कडेवर मूल असलेली बाई, केस पिकलेला म्हातारा, एक पाय ओढत चालणारा माणूस मागे राहतो. अशा अड्ड्यावर शेवटपर्यंत कोण उरतं हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. दृष्टांतातल्या मालकालाही ते ठाऊक होतं. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराच्या घरातली एका दिवसाची चूल. त्याने कामाचे तास मोजलेच नाहीत, चूल मोजली.

आमच्या उपदेशपीठांवरून या गोष्टीचा अर्थ बहुधा एकच सांगितला जातो: आयुष्याच्या शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केलेल्यालाही देव तेवढीच कृपा देतो. अर्थ खोटा नाही. पण तेवढाच अर्थ सांगितला की ऐकणारा सुटतो. देव मालक झाला, आपण मजूर झालो, आणि आपल्या शेतावर खुरपायला आलेली बाई गोष्टीच्या बाहेरच राहिली. ज्याच्याकडे तीन एकर बागाईत आहे आणि जो कांदा काढायला मजूर लावतो, त्याने ही गोष्ट ऐकताना एकदा तरी मालकाच्या जागी उभं राहायला हवं. बाईला पुरुषापेक्षा कमी रोज का? पावसाने अर्ध्या दिवसात काम थांबलं तर अर्धाच रोज का? उक्तं काम घेतलेल्या टोळीत अंगाने कमी असलेल्याच्या वाट्याला काय येतं? ख्रिस्ती शिष्यत्व हा धर्मशास्त्राचा विषय आहे असं मी मानतो, आणि म्हणूनच हे प्रश्न धर्मशास्त्राचे आहेत.

आंबेगाव तालुक्यातलं अवसरी बुद्रुक घ्या. मंचरजवळचं हे गाव. आसपासचा भाग कांद्या-बटाट्याचा, उसाचा, तरकारीचा. अशा गावात ख्रिस्ती घर असलंच तर एखाद-दुसरं. त्याच्याकडे गाव कसं पाहतं? रविवारी कुठेतरी प्रार्थनेला जातात, दारावर क्रूस आहे, नाताळला चांदणी लावतात, यात्रेची वर्गणी देतात की नाही याची एक बारीक चर्चा. गावाला दिसतो तो वेगळेपणा. आता त्याच गावातला माळकरी पाहा. एकदा तुळशीची माळ गळ्यात पडली की त्या माणसाच्या चालीरीतींवर अख्ख्या गावाचा हक्क चालतो. तो दारूच्या दुकानाशी दिसला तर पोरंसुद्धा बोलतात. भावकीत बांधावरून भांडला तर म्हातारे म्हणतात, माळ कशाला घातली मग? माळकरी सगळे सचोटीचे असतात असं कुणी म्हणत नाही, पण त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची हे गावाला माहीत आहे. ख्रिस्ती माणसाकडून काय अपेक्षा करायची हे मात्र दोनशे वर्षांनंतरही गावाला माहीत नाही. हा दोष गावाचा नाही. आपण ज्याच्यामागे चाललो आहोत असं सांगतो त्याच्या नावाने गावाने आपल्याला हटकावं, जाब विचारावा, इतकी आपली ओळख आपणच होऊ दिली नाही. ख्रिस्ती झालेल्याने काय सोडलं हे सांगायला सगळे तयार असतात. त्याने काय धरलं हे मात्र त्याच्या मापात, मजुरीत आणि पाण्याच्या पाळीत दिसायला हवं.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे दाखले आहेत, आणि ते फार दूरचे नाहीत. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ती तारीख धरून बसतो. मला त्या तारखेपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची पुढची काही वर्षं जास्त शिकवतात. नवरा ख्रिस्ती झालेला, आपण सोवळ्यातल्या. काही वर्षं नातलगांकडे काढून त्या नगरला त्याच्याकडे परत आल्या त्या आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून. कुणी त्यांना बाटवलं नाही, कुणी दडपण आणलं नाही. राहुरीच्या दिवसांत त्या स्वतःशीच विचार करत गेल्या: जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडलं, आणि कोणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. हा बदल 1900 सालच्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा विनोद लक्षात राहतो. माझ्या मते त्या पुस्तकाचं खरं बळ या क्रमात आहे. पाण्याचा पेला आधी, पाण्याचा संस्कार नंतर. त्या बाईंना धर्मशास्त्राचं शिक्षण मिळालेलं नव्हतं, पण जातीचा निकाल चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी लागतो हे त्यांना कळलं होतं. मग त्यांच्या घरात पोरकी, टाकलेली, परजातीची मुलं येत राहिली आणि त्यांच्या पंगतीत वाढली. ते घर गरीबच होतं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि त्याचा सगळा ताण लक्ष्मीबाईंनी सोसला, हेही विसरू नये. शिष्यत्वाची किंमत पुष्कळदा घरातली बाई मोजते आणि नाव पुरुषाचं होतं.

टिळकांनीही शेवटी एक मोठी गोष्ट केली. 1917 साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि सातारला 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. अनेक मिशनऱ्यांना हे पटलं नाही. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि तो प्रयत्न फारसा रुजला नाही. तरी त्यातला विचार मला आजही ताजा वाटतो. शिष्य कोण हे मंडळीच्या नोंदवहीवरून ठरवायचं की कुणाच्या मागे माणूस चालतो आहे यावरून, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पगारावर पाणी सोडून विचारला.

आणि पंडिता रमाबाई तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, दौंड तालुक्यातल्या केडगावच्या. लहान वयात दुष्काळाच्या उपासमारीत आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाते आणि शेकडो मुलींना घेऊन येते. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, माग चालू झाले, तेलघाणा आला, छापखाना आला, आंधळ्या मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवलं गेलं. रमाबाईंच्या या मुक्ती सदनातल्या बाया अक्षरजुळणी करत आणि छपाईची यंत्रं चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत केलेलं बायबल त्याच छापखान्यात छापलं गेलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा अनुवादाचं काम हातावेगळं झालेलं होतं. प्रार्थना आणि कष्ट यांची वाटणी त्यांनी होऊ दिली नाही. आणि त्यांची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे: 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर तिथल्या धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी जे जे सांगितलं ते त्यांनी मुकाट्याने स्वीकारलं नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणत्याही पुरोहिताच्या हाती देणार नाही, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. आज्ञाधारकपणा म्हणजेच शिष्यत्व अशी शिकवण ज्या मंडळ्यांत चालते, तिथे रमाबाईंच्या तसबिरीबरोबर त्यांचा हा बाणाही भिंतीवर टांगायला हवा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. तारण कृत्यांनी मिळत नाही, विश्वासाने मिळतं. मग मजुरी, माप, विहिरी यांचा एवढा हिशेब कशाला? हे समाजकार्य झालं, ते कोणताही सज्जन करील. मी या आक्षेपाचा आदर करतो, कारण त्यामागे एक खरी भीती आहे: देवाला बाजूला सारून माणूस आपल्याच चांगुलपणाची पूजा मांडील. पण जक्कयाची गोष्ट आठवावी. लोकांना लुबाडणाऱ्या त्या जकातदाराच्या घरी येशू जेवायला गेला, कोणतीही अट न घालता गेला. कृपा आधी आली. आणि कृपा आल्याबरोबर जक्कय उभा राहिला तो निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करायला. चौपट म्हणजे आकडा आला, वही आली, ज्यांना फसवलं त्यांची नावं आली. जी कृपा वहीपर्यंत पोहोचत नाही, ती आपल्याला मिळाली आहे असं आपण कशावरून म्हणतो?

पाण्याबाबतही तेच. हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. आपल्याला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्याच कामातलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे गावाने आधी एकमताने ठरवायचं आणि मग कामाला हात घालायचा. त्या गावांत कुणाला ख्रिस्ती करायचं नव्हतं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवा पट्टा आणि विहिरींचं पाणी वाचवायला हरित वसईच्या आंदोलनात उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर सर्व धर्मांचे लोक होते, आणि धमक्या आल्या तरी ते मागे हटले नाहीत. त्यांनीच पुढे बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला. एकाच माणसाचे हे दोन उद्योग नव्हते, एकच होता.

आता सर्वांत अवघड जागेकडे येतो. मी वर जी नावं घेतली त्यांतली टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई ही तिन्ही ब्राह्मण घरातली. मराठी ख्रिस्ती माणूस आपली थोर माणसं सांगू लागला की हीच यादी येते. पण 1831 पासून नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनभोवती जी मंडळी वाढली, ती मुख्यतः महार आणि मांग समाजातून आली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मरीआईच्या पूजेतलं आपलं काम करायचं नाही, असं त्यांच्यातल्या कित्येकांनी ठरवलं आणि त्यापायी बलुतं, गावकीतला हक्क, कधी पाणवठाही गमावला. रोजच्या जगण्यातलं शिष्यत्व याहून उघड काय असणार? त्यांची चरित्रं फारशी कुणी लिहिली नाहीत. आजच्या खेड्यातल्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेक घरं त्यांची आहेत.

त्या घरांना राज्यव्यवस्थेनेही एका कोंडीत उभं केलं आहे. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं की मुलीची अनुसूचित जातीची सवलत गेली, आणि नाही लिहिलं की रविवारी मंडळीत मान खाली. अनेक घरं दाखल्यावर एक आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसरं असं जगतात. त्यांना खोटारडी म्हणणाऱ्या पाळकांचा मला राग येतो. ज्या बापाने आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी कागदावर जुनी जात ठेवली, त्याच्यापुढे विश्वासाची परीक्षा ठेवण्याचा अधिकार पगारी, पक्क्या घरात राहणाऱ्या कुणालाही नाही. धर्म आणि अनुसूचित जातीचा दर्जा यांची फारकत करावी अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली दिलेल्या अहवालात केली. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. मागणी न्याय्य आहे आणि ती जोरात मांडली पाहिजे.

पण ती मागणी उभी कशावर आहे ते आपण नीट पाहिलं पाहिजे. धर्म बदलला तरी जात सुटत नाही, हा तिचा पुरावा. म्हणजे ती मागणी ही एक कबुलीही आहे, आणि ती फक्त गावाच्या जातीयतेची कबुली नाही. मूळ महार आणि मूळ मांग ख्रिस्ती घरांत अजूनही सहजासहजी सोयरिकी होत नाहीत. उच्च जातीच्या मूळचा अभिमान बाळगणारी ख्रिस्ती घरं या दोघांत मुलगी देत नाहीत. प्रभुभोजनाचा एकच पेला, आणि लग्नाच्या पंगती वेगळ्या. या मागणीच्या दिल्लीला जाणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येक धर्माध्यक्षाने आणि पाळकाने हीच कबुली आपल्या मंडळीपुढे, रविवारी, नावानिशी नसली तरी स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. मग वधू-वर सूचक याद्यांतला पोटजातीचा रकाना काढून टाकावा, आणि पहिली सोयरीक मंडळीच्या वडीलजनांनी आपल्या घरापासून करावी.