घडीची तिपाई आणि नैयायिकांचा अवयवी

साठ-साठ सेंटिमीटरचे तीन दांडके, एक लांब बोल्ट, माथ्याला कडी असलेला दुसरा बोल्ट, नट-वायसर आणि चामड्याचा एक त्रिकोण. घडीच्या तिपाईला याहून जास्त काही लागत नाही. हे सगळं सुताराच्या बाकावर मांडलं, की बाकावर असतं ते निव्वळ सामान. तासाभराने त्याच बाकाशेजारी तिपाई उभी असते. सामानात नवी भर काय पडली? काहीच नाही. मग तिपाई आली कुठून?

प्रश्न पोरकट वाटेल, पण या देशातले बुद्धिमान लोक त्यावर कित्येक शतकं भांडले. भिक्षू नागसेन आणि ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, यांच्या संवादात तो रथाच्या निमित्ताने येतो. आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, असं एकेक विचारत नागसेन राजाला कबूल करायला लावतो, की रथ हे सुट्या भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे. रथाचं निमित्त, खरा रोख माणसावर: नागसेन नावाचा कुणी ‘एक’ आत बसलेला नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे मुळीच मान्य नव्हतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत दुसऱ्या अध्यायात अवयवीची, म्हणजे भागांहून वेगळ्या अशा अख्ख्या वस्तूची, बाजू लढवली आहे. त्यातला एक मुद्दा अगदी हातातला आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरून ओढला, तर सगळी वस्तू ओढली जाते. तिपाईचा एक पाय धरून उचला. उरलेले दोन पाय आणि चामडं मुकाट्यानं वर येतात. नुसता ढीग असता, तर हाती एक दांडका आला असता आणि बाकीचं जमिनीवर राहिलं असतं.

आता जरा सुताराच्या बाजूने पाहू, कारण तत्त्वज्ञांनी रथ वापरला खरा, पण सांध्यात कुणी फारसं डोकावलं नाही. लांब बोल्ट पहिल्या पायातून जातो, मग दुसऱ्या बोल्टच्या कडीतून, मग दुसऱ्या पायातून. कडीच्या बोल्टची दांडी तिसऱ्या पायातून बाहेर येते. त्यामुळे तिन्ही पाय एकमेकांना न अडता फाकतात आणि मिटतातही. तीन सेंटिमीटर जाडीच्या पायाला आठ मिलिमीटरचं भोक पुरतं. लाकूड सागवान असो वा शिसव, रेषा सरळ हवी आणि भोकाजवळ गाठ नको, कारण सगळ्यात जास्त वाक तिथेच येतो आणि लाकूडही तिथेच कमी झालेलं असतं.

चामड्यात कंजुषी केली, की तिपाई फसली. झाडपाल्याने कमावलेलं, तीन-चार मिलिमीटर जाडीचं चामडं घ्यावं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्या जातीचं. मऊ चामडं ताणत जातं आणि बैठक झोळीसारखी लोंबू लागते. रापीने सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण कापायचा, कोपरे गोल करायचे, आणि प्रत्येक कोपऱ्याखाली पायाचं टोक बसेल असा खिसा शिवायचा. आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी टाका घालतात. अशा शिवणीत एक टाका तुटला, तरी शेजारचे धरून राहतात. मशीनची शिवण तेवढी भरवशाची नाही.

बसल्यावर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. वजनाने पाय फाकू पाहतात, तिपाई जमिनीशी सपाट व्हायला निघते. तिला थोपवतं ते चामडं. म्हणजे पायांनी चामडं पेललंय हे जितकं खरं, तितकंच चामड्याने पाय उभे ठेवलेत हेही खरं. पाली संयुत्तनिकायात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त एकमेकींना टेकवलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांचा दाखला देतो: एक काढली, की दुसरी पडते. या तिपाईला तो रथापेक्षा जास्त लागू पडतो.

मग नैयायिक हरले का? त्यांच्या धारण-आकर्षणाला एक भोक आहे खरं, आणि ते भाष्यकार वात्स्यायनानेच चर्चेला घेतलं. लाखेने चिकटवलेलं गवत, दगड, लाकूडही एकत्र ओढलं जातं. त्यातून नवी वस्तू जन्मली असं कुणी म्हणत नाही. घडी केलेली तिपाई नेमकी तशी. काखोटीला मारली, की सगळे भाग बरोबर येतात, पण बसायला तिचा काही उपयोग नाही. एकत्र ओढलं जाणं आणि तिपाई असणं, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

इथे मदतीला येतो तो नैयायिकांचा कडवा विरोधक, सातव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती. हात हलला तर अख्खं शरीर हललं म्हणायचं का, असं विचारून त्याने अवयवीला पेचात पकडलं होतं. पण खरं काय याची त्याची कसोटी वेगळीच: जे कार्य घडवू शकतं, ते खरं. या कसोटीवर उघडी तिपाई सहज उतरते. तीन दांडके सुटे ठेवून त्यांच्यावर कुणी बसून दाखवावं! धर्मकीर्ती अर्थात म्हणेल, की हे काम भागांनी मिळून केलं, त्यासाठी वेगळा ‘एक’ कशाला? ठीक. पण ‘मिळून’ हे तर त्यालाही म्हणावंच लागतं, आणि ते बाकावरच्या सामानाच्या यादीत नव्हतं. न्यायाचा अवयवी थोडा जास्तच ठोस आहे आणि नागसेनाचं ‘नाव’ थोडं जास्तच पोकळ. तिपाई या दोघांच्या मध्ये उभी राहते.

ज्यांना हा वाद मुळातून पाहायचा आहे, त्यांनी न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचं पहिलं आह्निक वात्स्यायनाच्या भाष्यासह वाचावं, आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ हाताशी ठेवावा. तिपाई करायची असेल, तर चामडं आधी विकत घ्यावं, लाकूड नंतर.