ते बोट काढ

इंटर्नशिपच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक छोटा चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं की सोबत जोडलेलं काम पूर्णपणे माझं स्वतःचं आहे, दुसऱ्या कुणाचं उचललेलं नाही. असे चौकोन आपण दिवसाला चार तरी टिक करतो, न वाचता. हा मला अकरा दिवस टिक करता आला नाही.

काम म्हणजे एक कॅरेक्टर. पुण्यात मी अ‍ॅनिमेशन शिकते. तिसऱ्या वर्षाला आम्हाला आठ आठवडे दिले होते आणि एकच काम होतं: एक ओरिजिनल कॅरेक्टर डिझाइन करा. जग तुमचं, काळ तुमचा, माणूस तुमचं. पहिल्या आठवड्यात चाळीस थंबनेल काढायची. पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं, नाक-डोळे नाहीत, नुसता काळा आकार. मग सिलुएटची परीक्षा. फोन हातभर लांब धरायचा आणि त्या काळ्या डागावरून माणूस ओळखू आला पाहिजे. मिकी माउसचे कान आठवा, म्हणजे कळेल.

माझ्या पहिल्या चाळिसांत पांढऱ्या केसांची मुलं होती. डोळ्यावरून गेलेला व्रण, एका खांद्यावर अर्धा झगा, पाठीला तलवार. सर स्क्रोल करत म्हणाले, "हा मी पाहिलाय. हा पण पाहिलाय. ह्याचा चुलतभाऊ मागच्या वर्षी आला होता." वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी जाऊन रडले. दोन वर्षं पिंटरेस्टवर जमवलेलं सगळं माझ्या हातातून जसंच्या तसं बाहेर येत होतं, आणि मला वाटत होतं की ते मला सुचतंय.

दुसऱ्या फेरीत मी भंगार वेचणारी मुलगी काढली. हाही आमच्या धंद्यातला लाडका प्रकार आहे. 'स्टार वॉर्स'मधली रे 2015 साली पहिल्यांदा दिसली तेव्हा ती मोडक्या जहाजांतून सुटे भाग काढून विकत होती. माझी मुलगी शंभर वर्षांनंतरच्या पुण्यात, पुरानंतर उरलेल्या कचऱ्याच्या डोंगरावर राहणार होती. नाव ठेवलं वेची. डोळ्यांना गॉगल, अंगावर चिंध्यांचे थर, पाठीवर पोतं. सरांनी एकच विचारलं, "हिच्या पाठीवर किलो किती?" मी म्हटलं, वीस. "मग ही अशी ताठ उभी कशी? वीस किलो घेतलेलं माणूस बघून ये."

ते माणूस बघायला मला कुठं जावंच लागलं नाही. ते रोज सकाळी पावणेसातला आमच्या बिल्डिंगखाली येतं.

मावशी आमच्या सोसायटीचा कचरा नेतात. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. बाल्कनी बरोबर पार्किंगच्या त्या कोपऱ्यावर येते, जिथं त्या ओला-सुका वेगळा करतात. तीन आठवडे मी चहाचा कप कठड्यावर ठेवून त्यांना वरून काढलं. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. पोतं उचलताना त्या आधी गुडघ्यात वाकतात, मग श्वास सोडतात, मग उठतात. उठल्यावरचं पहिलं पाऊल नेहमी लहान असतं. झाकण लावलेली बाटली उघडण्याआधी कानाशी हलवतात. पिशवीचं वजन दोन बोटांनी उचलून सांगतात, आणि भंगारवाल्याचा काटा त्याहून कमी दाखवतो हे त्यांना पाठ आहे. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट असतो. उजव्या हाताची करंगळी वाकत नाही, सरळ राहते. कुणी बोलायला आलं की तो हात त्या शर्टाच्या बाहीत ओढून घेतात. काम संपल्यावर जिन्याच्या पायरीवर बसतात, चपला काढतात, आणि पाच मिनिटं काहीच करत नाहीत.

हे सगळं मी घेतलं. खांदा घेतला, ते लहान पाऊल घेतलं. टर्नअराउंड शीटवर, म्हणजे समोरून, बाजूनं, मागून असा एकच माणूस फिरवून दाखवतात त्या शीटवर, वेची पहिल्यांदा जिवंत दिसली. आणि करंगळी घेतली. वेचीची करंगळी मी लोखंडाची केली. ती सरळ, न वाकणारी करंगळी ढिगाऱ्यावर वाजवून ती धातू ओळखते, आणि अनोळखी माणूस दिसला की बाहीत लपवते. हावभावांच्या शीटवरच्या आठ चेहऱ्यांपैकी सगळ्यात चांगला तोच होता.

ज्युरीला बाहेरून एक जण आले होते. ते त्या करंगळीवर थांबले. म्हणाले, याला म्हणतात कॅरेक्टर, एका बोटात सगळी कथा आहे. मग विचारलं, "हे कुठून सुचलं?"

मी म्हटलं, "असंच, सुचलं."

या दोन शब्दांनी मला नंतर झोपू दिलं नाही. खोटं बोलणं मोठं नव्हतं. पण ते किती सहज आलं! त्यात 2022चा डिसेंबर मला आठवत होता. तेव्हा आर्टस्टेशनवर जगभरच्या चित्रकारांनी एआयच्या विरोधात एकच फलक लावून पानंच्या पानं भरून टाकली होती. मी कॉलेजातही गेले नव्हते, तरी मीही तो फलक लावला होता. आमची चित्रं न विचारता यंत्राला खायला घातली, त्यावर कंपन्या पैसे मिळवणार, आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही, असा आमचा राग होता. तो राग मला अजूनही बरोबर वाटतो. फक्त त्यातलं 'आम्ही' काढून तिथं 'मावशी' घातलं, तर वाक्य न अडखळता पुढं जातं.

मैत्रिणीला सांगितलं तर ती वैतागली. "माणसं न बघता माणूस काढणार कसा?" तिचं म्हणणं खरं आहे. सर म्हणाले, लिओनार्दोला एखादा विलक्षण चेहरा दिसला तर तो दिवसभर त्या माणसाच्या मागे फिरायचा आणि घरी येऊन समोर बसवल्यासारखा काढायचा, असं वासारीनं लिहून ठेवलंय. यंत्र एका दिवसात कोट्यवधी चित्रं गिळतं. मी एका बाईकडं तीन आठवडे बघितलं, चुकले, खोडलं, पुन्हा बघितलं. हा फरक आहे आणि तो लहान नाही. पण हा फरक माझ्या बाजूनं आहे. खाली पायरीवर बसलेल्या बाईला तो कसा दिसणार?

'कोको' तुम्ही पाहिला असेल, 2017चा. त्यातली खुर्चीतली पणजी, मामा कोको. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात मारिया सालुद रामिरेझ नावाच्या एक वृद्ध बाई होत्या. पणजीचा चेहरा त्यांच्यावरूनच घेतलाय असं त्यांच्या घरच्यांचं आणि गावाचं म्हणणं होतं. चित्रपटवाल्यांनी ते नाकारलं. ही कुणा खऱ्या व्यक्तीवरून घेतलेली नाही, असं दिग्दर्शकानं सांगितलं. 2022च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. कोण खरं, हे मला ठरवता येत नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. मलाही पांढऱ्या केसांची मुलं 'सुचत'च होती की.

याच्या अगदी उलट उदाहरण योडाचं. तो घडवणाऱ्या स्टुअर्ट फ्रीबॉर्ननं त्याला बराचसा स्वतःचाच चेहरा दिला, आरशात बघून. आइनस्टाइनच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्याही घेतल्या म्हणतात, पण मुख्य खर्च स्वतःचा. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो खरा. पण मग प्रत्येक चित्रकारानं जन्मभर स्वतःलाच काढायचं का? माझ्या पाठीवर आयुष्यात कधी वीस किलो नव्हते. माझ्यातून वेची निघालीच नसती.

कायदाही बघितला. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमात असं आहे की कुणी पैसे देऊन स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे मावशींनी मला पैसे देऊन बसवलं असतं तर चित्र त्यांचं झालं असतं. त्यांनी काही दिलं नाही, मी काही विचारलं नाही, म्हणून ते माझं.

टाकलेलं कुणाचं आणि उचललेलं कुणाचं, हा प्रश्न या शहरातल्या कचरावेचक बायांनी माझ्या कितीतरी आधी सोडवायला घेतलाय. 1993 साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, पुढं 2008मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. ओळखपत्र मिळणं ही त्यातली मोठी गोष्ट होती, कारण त्याआधी पाठीवर पोतं म्हणजे चोरीचा संशय ठरलेला. लोकांनी टाकलेलं उचलणाऱ्या बाईला आपण चोर नाही हे कार्ड दाखवून सिद्ध करावं लागलं. मी तर तिनं न टाकलेलं उचललं होतं, आणि मला शाबासकी मिळाली होती. आणखी एक गोष्ट मला डिझाइन करताना दिसलीच नव्हती. माझ्या जगात प्रलय आल्यामुळे सगळेच कचरा वेचत होते. खऱ्या पुण्यात हे काम बहुतेक दलित बायांच्या वाट्याला येतं, आणि त्यासाठी कुठला प्रलय लागला नाही.

नवव्या दिवशी टॅब घेऊन खाली गेले. दोन वर्षं 'मावशी' म्हणत होते, नाव माहीत नव्हतं, ते आधी विचारलं. त्यांनी सांगितलं. इथं लिहीत नाही.

शीट दाखवली. त्यांनी झूम करायला बोट लावलं नाही, मान पुढं नेली. पहिल्यांदा म्हणाल्या, "लई बारीक केलीस. ही उचलंल व्हय एवढं?" मग, "हातमोजे कुठंत हिचे?" मग पोत्याची गाठ बघून हसल्या. तशी गाठ मारली तर पहिल्या वळणावर सगळा माल रस्त्यावर येईल म्हणे. खरी गाठ त्यांनी मारून दाखवली. मला बरं वाटायला लागलं होतं. मग त्या हावभावांच्या शीटवर आल्या.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वर बघितलं, आमच्या बाल्कनीकडं.

"वरनं बघत होतीस?"

"हो."

"मला वाटायचं सकाळचं वर कुणी नसतं."

मी पाकीट पुढं केलं, दोन हजार होते. त्यांनी घेतलं. मोजले, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले. कामाचे पैसे घ्यावेत तसे घेतले, आभार नाहीत, संकोच नाही. मग त्याच सुरात म्हणाल्या, "पण ते बोट काढ."

क्षणभर मला कळेना. काढू की काढून टाकू? आपल्या भाषेत चित्र 'काढतात' आणि काटाही 'काढतात'. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "पुस नं ते. बाकीचं राहू दे. खांदा काय, सगळ्यांचाच तसा होतो."

इतके दिवस मी पूर्ण घेणं चूक की पूर्ण बरोबर याच्यात अडकले होते. त्यांनी मधूनच रेघ मारली. ओझ्यानं वाकलेला खांदा त्यांच्या कामाचा होता, तो त्या रोज भर रस्त्यात घेऊन चालतात. करंगळी त्या लपवतात. मला ते लपवणं दिसलं होतं, आणि नेमकं तेच मी पोस्टर केलं होतं. ही रेघ दर वेळी इतकी साफ मारता येईल असं मला वाटत नाही. ती करंगळीही कामातच गेलेली. पण या वेळी मारणाऱ्या त्या होत्या, मी नव्हते, एवढं खरं.

हे लिहू का, असंही विचारलं. म्हणाल्या, लिही, पण मला ओळखता कामा नये. म्हणून बोट कुठलं आणि त्याचं काय झालं, हे या लेखात मी बदललंय.

बोट पुसलं. हातमोजे घातले, गाठ बदलली, कंबर जाड केली. वेची आता वजन उचलू शकेल अशी दिसते, पण जराशी मुकी झालीय. ते मला मान्य करावं लागेल. मग चौकोन टिक केला. स्टुडिओतून फोन आला तेव्हा पलीकडच्या ताईंनी माझ्या इन्स्टावरची जुनी शीट पाहिली होती. ती मी काढायची विसरले होते. बोटाची आयडिया का टाकली, तीच तर सगळ्यात स्ट्राँग होती, म्हणाल्या. मी म्हटलं, ती माझी नव्हती. पलीकडं थोडी शांतता, मग "ओके, कळवतो." फोन ठेवून मी आधी ती पोस्ट उडवली. उत्तर अजून आलेलं नाही.

मावशी पावणेसातला येतात. बोलतात, हसतात, परवा तर भंगारवाल्याच्या काट्याची नवी तक्रार सांगितली. पण काम संपल्यावर आता त्या जिन्याच्या पायरीवर बसत नाहीत. पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला, जिथून आमची बाल्कनी दिसत नाही, तिथं जाऊन बसतात. तिथं पायरी नाही.