देणगी कोणाची, दंड कोणाला?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एक आजी होत्या. सैनिकांच्या स्मरणार्थ पॉपीची कागदी फुलं विकून निधी जमवण्यात त्यांची हयात गेली. २०१५ मध्ये त्या वारल्या. पुढे चौकशीत कळलं, की तब्बल ९९ धर्मादाय संस्थांकडे त्यांचं नाव-पत्ता होता. आणि त्यातल्या बऱ्याच संस्थांना तो आजींनी दिलेलाच नव्हता!

मग तिथल्या माहिती आयुक्तांनी खोलात जाऊन तपास केला. नावाजलेल्या संस्था दात्यांची माहिती गुपचूप कंपन्यांच्या हाती देत होत्या. कशासाठी? तर कोणाकडे किती पैसा आहे, मृत्युपत्रात कोण काय ठेवून जाईल, याचा अंदाज बांधायला. डिसेंबर २०१६ मध्ये प्राणिरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीसीएला २५ हजार पौंड दंड झाला, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८ हजार. एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ संस्थांना.

आता पाहा, दंड संस्थेला, म्हणजे भुर्दंड दात्यांच्याच पैशाला. आयुक्तांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रकमा मुद्दाम कमी ठेवल्या. निर्णय घेणारे मात्र त्या दंडातून सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

आपणही देणगी देताना करसवलतीच्या ८०-जी पावतीसाठी पॅन आणि मोबाइल नंबर सहज देतो. तेव्हा विश्वस्तांना जरूर विचारा: ही यादी कोणाच्या ताब्यात असते? आणि ती बाहेर गेली, तर खुर्ची कोण सोडणार? उत्तर लेखी मागा.