दोन ढीग

चाकणजवळच्या एका गावात दोन भाऊ राहत. बापामागे दोघांच्या वाट्याला 24-24 गुंठे रान आले होते. दोघे कांदा पिकवत आणि चाकणच्या बाजारात नेत.

एका पावसाळ्यात धाकटा भाऊ आजारपणात वारला. मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी राहिली. चाळिसावा झाला. गावच्या काझींनी वाटणी सांगितली. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे 3 गुंठे. उरलेल्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे मुलाला 14 आणि मुलीला 7. मुलगा असल्यामुळे थोरल्या भावाला काही नाही. सातबाऱ्यावर तिघांची नावे चढली. मुले अज्ञान, म्हणून त्यांच्या नावांपुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव आले.

दोन्ही रानं थोरलाच कसू लागला. कांदा निघाला तेव्हा त्याने दोन ढीग घातले. मोठा, एकसारखा कांदा आपल्या ढिगात टाकला. गोल्टी आणि जोड कांदा भावाच्या मुलांच्या ढिगात गेला. मुलगी शेजारीच पात कापत बसली होती. तिने सगळे पाहिले. पण चाचाला विचारणार कोण?

पुढे गावाजवळ कारखाने आले. जमिनीचा एजंट इसाराचे पैसे घेऊनच दारात उभा राहिला. थोरला भावजयीला म्हणाला, “पालनकर्ती तूच आहेस. तू सही कर, मीही करतो. मुलांचंही रान विकून टाकू.”

भावजय म्हणाली, “आधी काझीसाहेबांना विचारा.”

तो काझींकडे गेला. काझी म्हणाले, “आई मुलांना सांभाळते, पण त्यांचं रान विकायचा हक्क आपल्या कायद्यात तिला नाही. तुलाही नाही. असा सौदा रद्दच ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं 1918 सालीच सांगितलंय. विकायचंच असेल तर 1890 च्या पालक कायद्याप्रमाणे न्यायालयात जावं लागेल. मुलांची गरज किंवा उघड फायदा दिसला, तरच परवानगी मिळेल.”

“पण घरात मोठा मीच आहे,” थोरला म्हणाला.

काझींनी कागद पुढे ओढला. “तुला किती मुलं?”

“दोन मुली.”

“उद्या तू गेलास तर तुझ्या 24 गुंठ्यांचं काय होईल, ते लिही. मुलींना मिळून दोन तृतीयांश, 16 गुंठे. बायकोला 3. राहिले 5. ते कोणाला जातील?”

थोरल्याने विचार केला. “पुतण्याला.”

“तुझ्या मुलींचं रान कोण कसेल?”

“तोच.”

“मग कांद्याचे ढीग कोण घालील?”

थोरला काही बोलला नाही. घरी आला आणि एजंटाला इसार परत नेण्यास सांगितले. मग खळ्यात जाऊन त्या हंगामाचे दोन्ही ढीग एकत्र केले. पुतणीला हाक मारून म्हणाला, “आधी तुमचा ढीग घाल. उरेल तो माझा.”

त्यानंतर दर हंगामाला तो बाजारातली पट्टी भावजयीच्या हातात ठेवी. आपली मजुरी तिच्यासमोर मोजून घेई, जास्त नाही.

मुलगा 18 वर्षांचा झाला. थोरल्याने काझींना आणि दोन साक्षीदारांना बोलावले. सगळ्या वर्षांचा हिशेब वाचून दाखवला आणि रान त्याच्या ताब्यात दिले. मुलीने वय गाठले तेव्हा तिच्याही 7 गुंठ्यांचा हिशेब तसाच साक्षीदारांपुढे झाला.

तात्पर्य : पोरक्या मुलांचा वाटा सांभाळणारा त्याचा राखणदार असतो, मालक नव्हे. आपल्या मागे आपल्या लेकरांना जसा न्याय मिळावा वाटतो, तसाच दुसऱ्याच्या लेकरांना आज द्यावा.