कौलापासून जोत्यापर्यंत

तारापूर-चिंचणीकडचं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. मंगलोरी कौलं, सागाचे खांब, पुढे ओटी. जागेवर नवी इमारत बांधायचं ठरलं आहे. जेसीबी आला तर एका दिवसात सगळं सपाट होईल. त्याला थोडे दिवस थांबवा आणि ओटीवर बसा. श्वास संथ होऊ द्या. नजर वर, छपराकडे जाऊ द्या.

घर बांधताना कौलं शेवटी चढली, म्हणून ती आधी उतरतील. आढ्यावरचे कोने सुटले की बाकीची रिपांवरून एकेक करून उचलता येतात. मनातल्या मनात एक कौल हातात घ्या. पाठीवर कारखान्याचं नाव उठलेलं असेल, त्यावरून बोट फिरवा. मग बोटाच्या पेरानं वाजवून पाहा. आवाज खणखणीत आला तर कौल शाबूत. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. चांगली कौलं आडवी टाकू नका, काठावर उभी रचा.

आता ही कौलं दान म्हणून कुणाकडे जातील याचा विचार करा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेलं आणि अनेक घरांच्या छपरांवरची कौलं उडाली. अशा घराला बऱ्याचदा सबंध छप्पर नको असतं. पंचवीस-पन्नास कौलं हवी असतात, आणि तीही त्याच मापाची. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही, आणि न बसलेल्या जागेतून पावसाळाभर पाणी ठिबकतं. तुमचं कौल तिथे नेमकं बसलेलं पाहा. इथे थोडं रेंगाळा. घाई नाही.

मग वासे, मग तुळया. जुन्या सुतारानं कितीतरी सांधे लाकडी खुंट्यांवर बेतलेले असतात. खुंटी मागून ठोकून काढली की सांधा सुटतो आणि लाकूड अखंड राहतं. पहारीनं उपटलं तर टोक फाटतं, आणि चांगला सागही सरपणात जमा होतो. सुताराला एक दिवस जास्त द्या. या साऱ्या दानात मला तो दिवस सर्वांत मोलाचा वाटतो.

भिंतींपाशी या. चुन्यातली वीट छिन्नीच्या हलक्या घावानं मोकळी होते, सिमेंटातली बहुधा फुटते.

आता मनाला एकच विचारा: जे देतो आहे, ते मी स्वतः घेतलं असतं का? वाळवीनं पोकळ केलेला खांब, आवरण झिजलेली जुनी वायर, मागच्या पडवीवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे. त्या पत्र्यांची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. ते फुकट मागितले तरी देऊ नका, फोडूही नका. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. तिकडच्या तडे गेलेल्या घरासाठी जड तुळई द्यायची तर आधी जाणकाराला ती भिंत दाखवा. गरजू माणूस नको म्हणत नाही, म्हणून हा विचार देणाऱ्यानंच करायचा असतो.

याच किनाऱ्यावरची पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं तारापूर अणुवीज केंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या संचांसाठी उठली. प्रकल्पासाठी घर सोडणाऱ्याची तारीख दुसरा कुणी ठरवतो. तुमची तुम्ही ठरवली आहे. ओटीवर बसून कौल वाजवून बघायला सवड आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे. ती मनात नीट उतरू द्या.

शेवटी चौकट आणि दार. नेणाऱ्याला त्याच्या भिंतीची उंची आधी विचारा, म्हणजे टेम्पोचं भाडं वाया जाणार नाही. बिजागऱ्या, कडी, कोयंडा काढून एका पिशवीत बांधून दाराबरोबरच द्या. तो कदाचित दाराला निळा रंग देईल, खालून चार बोटं कापेल, कडी दुसऱ्या बाजूला लावेल. लावू द्या.